बिनतारी नाडीपरीक्षा : यंत्र बोलते, पण ऐकणारा हवा

आषाढ लागला की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर पावसाची झड बसते. ओढ्यांना पाणी येते, रस्त्यावरच्या मोऱ्या बुडतात आणि एस. टी. कधी येईल याचा भरवसा उरत नाही. अशा एखाद्या वाडीत सत्तरी ओलांडलेली आई एकटी राहते. तिला रक्तदाब आहे आणि गेल्याच वर्षी डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचे सांगितले आहे. मुलगा पुण्यात कारखान्यात नोकरीला. मे महिन्यात सुटीवर आला तेव्हा त्याने आईच्या मनगटावर एक नवे घड्याळ बांधले. "आई, हे हातातनं काढू नगंस. तुझी नाडी, झोप, ऑक्सिजन सगळं यात कळतंय," तो म्हणाला. आईने घड्याळ उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "व्हय रं बाळा, पर तिकडं बघतंय कोण?"

असे घर प्रत्येकाच्या ओळखीत एखादे तरी असतेच. मुले पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला आणि म्हातारे आईवडील गावी, ही आता आपल्या जिल्ह्यातील नेहमीची गोष्ट झाली आहे. जीव लावणारी मुले घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशी साधने घेऊन देतात. त्यात चूक काही नाही. पण आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. या विषयावर जगभर जे संशोधन झाले त्याचे सार त्या एका प्रश्नात आले आहे. म्हणून आज रुग्णावर दुरून लक्ष ठेवणाऱ्या या बिनतारी साधनांची ओळख करून घेऊ. त्यांचा उपयोग कशासाठी होतो आणि कशासाठी होत नाही, हेही पाहू.

शंभर वर्षांपूर्वीची सुरुवात

रुग्ण एकीकडे आणि तपासणारा दुसरीकडे ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. हृदयाच्या विद्युतलहरी कागदावर उतरविणारे यंत्र, म्हणजे आपला ईसीजी, विलेम आइंटहोव्हेन या हॉलंडमधील शास्त्रज्ञाने विकसित केले. ते यंत्र इतके अवजड होते की रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. मग १९०५ साली त्यांनी लायडन गावात टेलिफोनच्या तारेने रुग्णालय आणि सुमारे दीड किलोमीटरवरची आपली प्रयोगशाळा जोडली. रुग्ण रुग्णालयात आणि त्याचा आलेख प्रयोगशाळेत, असा प्रयोग त्यांनी यशस्वी केला.

तार काढून टाकण्याचे श्रेय अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांना जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर बांधायचे एक यंत्र तयार केले. हृदयाचे ठोके ते रेडिओलहरींवरून दूर पाठवी. त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो! पुढे ते लहान होत गेले. आज २४ तास ईसीजी नोंदविण्यासाठी डॉक्टर छातीला जे छोटे यंत्र लावतात, त्याला 'होल्टर' म्हणतात ते याच शास्त्रज्ञाच्या नावावरून. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेले तेव्हा त्यांची नाडी आणि श्वसन यांच्या नोंदी बिनतारी मार्गाने पृथ्वीवर येत होत्या. आज तेच काम मनगटावरचे घड्याळ करते.

यंत्राला कळते कसे?

घड्याळ उलटे करून पाहिले तर मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त क्षणभर वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश तेवढ्यापुरता कमी होतो. ही उघडझाप मोजली की नाडीचे ठोके मिळतात. ऑक्सिमीटरमध्ये तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश असतात. ऑक्सिजन असलेले रक्त आणि नसलेले रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून टक्केवारी काढली जाते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी हे तत्त्व १९७४ साली मांडले.

काही घड्याळांवर दुसऱ्या हाताचे बोट टेकवले की एका धाग्याचा ईसीजी निघतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाईलला जोडता येणारे बारा धाग्यांचे टेली-ईसीजी यंत्रही विकसित केले आहे. मधुमेहींसाठी दंडावर चिकटवायची बिल्ल्याएवढी चकती मिळते. तिची केसासारखी बारीक तार कातडीखालच्या द्रवातील साखर सतत मोजते. रक्तातल्या साखरेपेक्षा हा आकडा काही मिनिटे मागे असतो, एवढे लक्षात ठेवावे. गादीखाली ठेवायची पट्टीही निघाली आहे. हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने शरीराला जो सूक्ष्म हादरा बसतो, तो ती टिपते. पेसमेकर बसवलेल्या काही रुग्णांच्या उशाशी एक छोटी पेटी असते. पेसमेकरची खबर ती रात्री आपोआप रुग्णालयाकडे पाठवते.

या सर्वांचा मार्ग एकच आहे. शरीरावरचे साधन मोजते, 'ब्लूटूथ'ने मोबाईलला देते, मोबाईल नेटवर्कवरून पुढे पाठवतो आणि शेवटी ते कोणाच्या तरी पडद्यावर दिसते. ही साखळी आहे आणि कोणतीही साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्या तीन कड्या विकत आणल्या जातात. चौथी कडी, म्हणजे पलीकडे बसून पाहणारा माणूस, दुकानात मिळत नाही.

दोन प्रयोग, दोन निकाल

ही चौथी कडी किती महत्त्वाची आहे हे दोन मोठ्या अभ्यासांवरून कळते. दोन्ही अभ्यास हृदय कमजोर झालेल्या, नुकतेच रुग्णालयातून घरी आलेल्या किंवा वर्षभरात दाखल झालेल्या रुग्णांचे आहेत. अशा रुग्णाच्या अंगात पाणी साचू लागले की धाप लागण्यापूर्वी काही दिवस वजन वाढू लागते. म्हणून रोजचे वजन हा त्यांच्या दृष्टीने धोक्याचा पहिला इशारा असतो.

पहिला अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात १,६५३ रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्या रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोनवर आपले वजन आणि त्रास सांगायचा होता. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. पुन्हा दाखल होणे किंवा मृत्यू हे दोन्ही गटांत सुमारे निम्म्या रुग्णांच्या वाट्याला आले. अखेरच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे रुग्ण निम्म्यापेक्षा थोडेच अधिक उरले होते. पलीकडे यंत्राचा आवाज असला की माणूस किती दिवस बोलणार?

दुसरा अभ्यास जर्मनीतला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात १,५७१ रुग्ण होते. येथे वजन, रक्तदाब, नाडी, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज घरून पाठविले जात. बर्लिनच्या केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका दिवसरात्र बसलेल्या होत्या. आकडा बिघडला की त्या स्वतः रुग्णाला फोन करीत, औषधात बदल सुचवीत, गावातल्या डॉक्टरांशी बोलत. वर्षभरात साध्या उपचाराच्या गटात दर १०० रुग्णांमागे सुमारे ११ जण दगावले, तर या गटात सुमारे ८. फरक लहान वाटेल, पण शंभरातली तीन माणसे म्हणजे तीन घरांतले तीन जीव!

आकडे दोन्हीकडे घरूनच जात होते. फरक होता तो आकडा पाहून त्याच दिवशी काहीतरी करणाऱ्या माणसांचा.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव

यासाठी आपल्याला जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे काम बिनतारी साधनांच्या आधी कितीतरी वर्षे करून दाखविले. बाळाचे श्वास मोजण्यासाठी त्यांनी कमी शिकलेल्या माणसालाही वापरता येईल असे मण्यांचे साधे साधन केले. गावातल्याच बायकांना शिकविले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन, तापमान आणि श्वास तपासत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर उपचारही करीत. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग झाला. हजारी ६२ असलेले नवजात बालमृत्यू २५ च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. साधन मण्यांचे होते, पण मोजणारी बाई शेजारची होती आणि पुढे काय करायचे हे तिला ठाऊक होते.

कोविडच्या काळात तर हा अनुभव प्रत्येक घराने घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवकांची पथके घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होती. त्या साथीत कित्येकांचा ऑक्सिजन घटलेला असे, पण त्यांना धाप जाणवत नसे. अशा रुग्णाला वेळेत रुग्णालयात पाठविण्याचे काम एका बोटाएवढ्या यंत्राने केले. पण आकडा पाहून "काका, आता घरी थांबायचं नाही, चला" असे म्हणणारी आशाताई होती, म्हणून ते झाले.

यंत्र कोठे चुकते?

आता दुसरी बाजू. यंत्राचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

थंडीने बोटे गार पडली असतील, नखांवर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की, ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखविण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. आपल्यातील सावळ्या माणसांनीही हे ध्यानात ठेवावे. आकडा ९६ असला तरी माणसाला धाप लागत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर आकड्यावर नव्हे, माणसाकडे पाहून निर्णय घ्यावा.

कधी यंत्र बरोबर मोजते, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. तालमीत रोज जोर-बैठका मारणाऱ्या मल्लाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला पन्नासच्या आसपास असू शकते. घड्याळ 'नाडी मंद' म्हणून इशारा देईल, पण ती कमावलेल्या हृदयाची खूण असते. तीच नाडी एखाद्या आजोबांची असेल आणि त्यांना चक्कर येत असेल, तर मात्र तातडीने तपासणी हवी.

हृदयाच्या ठोक्यांतील एका अनियमितपणाला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. घड्याळ हा दोष ओळखू शकते का, हे पाहण्यासाठी ॲपल कंपनीच्या घड्याळावर अमेरिकेत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. हजारी सुमारे पाच जणांना घड्याळाने इशारा दिला. नंतर छातीला ईसीजीची पट्टी लावून ज्यांची तपासणी पूर्ण झाली, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत तो दोष सापडला. हा दोष येऊन-जाऊन असतो, म्हणून उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असे म्हणता येत नाही. म्हणजे इशारा मिळाला तर घाबरून जाऊ नये, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगायला हव्यात. पहिली, घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर घड्याळात पाहत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दुसरी, सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ किंवा अंगठी म्हणून बाजारात जे विकले जाते, त्यावर विसंबून इन्सुलिनचा डोस ठरविणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

आपल्या जिल्ह्याची अडचण

शहरात राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात ही साधने व्यवस्थित चालतील. पण घाटाखाली आणि जंगलपट्ट्यात मोबाईलला रेंज मिळत नाही अशी गावे आजही आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी वीज जाते, मोबाईल बंद पडतात, घड्याळ चार्ज करायला सोय नसते. ज्या दिवशी देखरेखीची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच दिवशी यंत्र मुके होते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच पंधरा दिवसांची जादा औषधे घरात असावीत. पाठ करायची गोष्ट म्हणजे डॉक्टरांचा नंबर. तो मोबाईलमध्ये असतोच, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवावा.

घरी काय करावे?

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी काही सूचना :

१) साधन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. हृदय कमजोर असलेल्याला घड्याळापेक्षा चांगला वजनकाटा अधिक उपयोगी पडतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. यात्रेच्या जेवणातला खारट रस्सा, पापड आणि लोणचे यांचा हिशेब वजनकाटा दुसऱ्या दिवशी बरोबर दाखवतो.

२) रक्तदाबासाठी मनगटावरचे नव्हे, दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे. पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, पाठीला आधार देऊन दोनदा मोजावे. घरी मोजलेला दाब वारंवार १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या मनाने गोळी वाढवू नये किंवा बंद करू नये.

३) 'कोणता आकडा आला तर काय करायचे' हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. हा कागद नसेल तर महागडे यंत्रही शोभेचे ठरते.

४) बघणारा माणूस ठरवावा. पुण्याच्या मुलाने रोज रात्री ठरावीक वेळी आकडे पाहावेत. पण तातडीच्या वेळी पाच मिनिटांत घरी पोचेल असा शेजारी, पुतण्या किंवा आशाताई यांनाही सांगून ठेवावे.

५) प्रवास शक्य नसेल तेव्हा सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला घेता येतो. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टरांनी दुरून दिलेला सल्ला नियमाला धरून आहे. मात्र प्रत्यक्ष तपासणी हवी असे डॉक्टरांनी सांगितले तर टाळाटाळ करू नये. कोल्हापुरात त्यासाठी सी. पी. आर. रुग्णालय आहेच.

६) घड्याळ घरच्या माणसांची खासगी माहिती कंपनीकडे पाठवत असते. कोणाला काय दिसावे हे मोबाईलमधून ठरवून घ्यावे. आरोग्याची माहिती अनोळखी ॲपला देऊ नये.

७) तासातासाला आकडे पाहण्याचा नाद लागू देऊ नये. त्या काळजीनेच रक्तदाब वाढलेली माणसे आहेत.

पूर्वी गावचे वैद्य तीन बोटे मनगटावर ठेवीत आणि नाडीबरोबरच "जेवण जातंय का? झोप लागती का? सून नीट बघती का?" हेही विचारीत. त्यांना चेहरा दिसे, घर दिसे. यंत्राला हे दिसत नाही. त्याला मनगटाखालचे रक्त तेवढे दिसते. म्हणून आईवडिलांना घड्याळ पाठवायचे असेल तर जरूर पाठवा. त्याबरोबर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद, शेजाऱ्यांना दिलेला निरोप आणि रोजचा एक फोन एवढेही पाठवा. मग त्या वाडीतल्या आईने पुन्हा विचारले, "तिकडं बघतंय कोण?", तर मुलाला खरे उत्तर देता येईल, "आई, मी बघतोय. आणि शेजारच्या तात्यांनाबी सांगून ठेवलंय."